पाण्यावर सोडलेला पापुद्रा: ऑगस्ट ते डिसेंबरच्या नोंदी

२ ऑगस्ट

आजपासून या प्रोजेक्टची वही वेगळी. मॅडमनी सांगितलंय जे होईल ते त्याच दिवशी लिहायचं, फसलेलं पण लिहायचं, कारण नंतर आठवून लिहिताना आपण नकळत सगळं सरळ करून टाकतो.

काय करायचंय ते आधी. एलएसएमओ म्हणजे लँथनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट, धातूसारखी वीज वाहून नेतं आणि चुंबकही आहे, आणि हा चुंबकपणा शंभर अंश सेल्सिअसच्या जरा अलीकडेपर्यंत टिकतो. त्याची ४० नॅनोमीटरची फिल्म, म्हणजे एकावर एक साधारण शंभर युनिट सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारी अणूंची सगळ्यात छोटी पेटी), वहीच्या एका पानाच्या जाडीत अशा अडीच हजार फिल्म बसतील. ही फिल्म नेहमी स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या, म्हणजे एसटीओच्या क्रिस्टलवर वाढवतात आणि मग ती जन्मभर तिथेच चिकटलेली राहते, खालचा क्रिस्टल जेवढा ताणेल तेवढी ताणून. आम्हाला ती अख्खी सोडवून घ्यायचीय, वर्खासारखी, आणि दुसऱ्या कशावरही ठेवून बघायचंय की मोकळी झाल्यावर ती कशी वागते.

युक्ती आमची नाही. २०१६ मध्ये स्टॅनफर्डमधल्या हॅरॉल्ड ह्वांग यांच्या गटाने क्रिस्टल आणि फिल्मच्या मध्ये स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटचा थर घातला, आम्ही त्याला एसएओ म्हणतो. अणूंची मांडणी एसटीओशी बऱ्यापैकी जुळते, त्यामुळे वरची फिल्म शिस्तीत वाढते, आणि वर हा थर चक्क पाण्यात विरघळतो. ॲसिड नको की काही नको. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा सिमेंटचा सख्खा भाऊ आहे, सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर जे सगळ्यात आधी तापून धरायला बघतं ते ट्रायकॅल्शियम अल्युमिनेट, त्यात कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं की आमचा एसएओ, रचना तीच. सिमेंटमध्ये ती घाई आवरायला जिप्सम मिसळतात. आम्हाला ती घाईच हवीय, फक्त आमच्या वेळेला.

९ ऑगस्ट

आमच्याकडे स्पिन कोटर आहे, म्हणजे थेंब गरगर फिरवून पातळ पसरवणारं मशीन, ट्यूब फर्नेस म्हणजे नळीची भट्टी आहे, एक्सआरडी आहे, म्हणजे एक्स-रे टाकून अणूंची मांडणी बघायचं मशीन, आलेखात कुठल्या कोनाला पीक येतो त्यावरून ती कळते. लेझरच्या झटक्यांनी पदार्थ उडवून फिल्म चढवणारी पीएलडी नाही. म्हणून ठरलंय असं की एसएओचा थर इथे नाशिकला द्रावणातून बनवायचा, आणि एलएसएमओ पुण्याच्या एका लॅबमध्ये पीएलडीवर चढवायचं, तिथे आम्हाला महिन्यातून दोनदा स्लॉट मिळतो.

द्रावण: स्ट्रॉन्शियम नायट्रेट, अल्युमिनियम नायट्रेट, सायट्रिक ॲसिड, पाणी. रात्रभर ढवळलं, गाळलं, एसटीओच्या ५ बाय ५ मिलिमीटरच्या तुकड्यावर एक थेंब, ३००० आरपीएम, ३० सेकंद. एवढ्याशा तुकड्यावर कडेला द्रावणाची गोट जमते आणि ती सुकली की तिथला थर जाड होतो, म्हणून थेंब मधोमध टाकून लगेच फिरवायला लागतं, दोन सेकंद जरी रेंगाळलं तरी गोट येतेच. मग फर्नेसमध्ये ऑक्सिजन सोडून ८५० अंश.

एक्सआरडीत ४५.८ अंशाला छोटासा पण स्वच्छ पीक आला, एसटीओच्या ४६.५ च्या डावीकडे, जिथे यायला हवा बरोबर तिथे! ज्युनियर ओरडलाच. थर ३० नॅनोमीटरच्या आसपास.

१६ ऑगस्ट

कालपासून सतत पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदाकाठ बंद आहे. लॅबमधलं हायग्रोमीटर हवेतली आर्द्रता ८७ टक्के दाखवतंय.

९ तारखेचा तुकडा डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरडं ठेवायच्या बंद भांड्यात होता, निळी सिलिका जेल घातलेली. आज काढला तर मण्यांचा रंग पार गुलाबी झालेला आणि तुकड्यावर दुधाळ झाक. बॅटरी तिरकी धरून बघितलं, एका कोपऱ्यात आरशासारखं चमकतंय आणि बाकी सगळीकडे काचेवर फुंकर मारल्यावर येतं तसं धुकं, फरक इतकाच की हे धुकं जात नाही. एक्सआरडीत ४५.८ चा पीक जवळजवळ गेलेला. पाण्यात विरघळणारा थर म्हणजे हवेतल्या पाण्यात पण विरघळणारा थर, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पण याला खातो. हे पेपरमध्ये वाचलेलं होतं. पण नाशिकच्या श्रावणात वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं.

लॅबच्या काकांनी एसी सुरू ठेवायला सांगितलं, त्याने ६० पर्यंत उतरतं. पुरेसं नाही.

२३ ऑगस्ट

नवीन तीन तुकडे बनवून पुण्याला नेले. डब्यात ताजी सिलिका जेल, डब्याला पॅराफिल्मची मेणचट पट्टी, तो झिपवाल्या पिशवीत, पिशवी बॅगेत. एसटीने सकाळी निघाले, चंदनापुरी घाटात धो धो, नारायणगावला गाडी अर्धा तास थांबली. एकूण साडेसहा तास, त्यात दोनदा मी डबा उघडून बघितला. तो उघडायलाच नको होता, हे लिहून ठेवते.

फिल्म वाढली. परत येऊन एक्सआरडी केला तर ३२.६ अंशाजवळ पण पीक, म्हणजे एलएसएमओचे दाणे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेत. खालचा थर वाटेतच बिघडलेला, त्यावर वरचा सरळ कसा उभा राहणार. तिन्ही तुकडे बाद.

१० सप्टेंबर

गणपतीत लॅब बंदच होती, पण डोक्यात पॅकिंगच चालू होतं. घराजवळ बेदाणे पॅक करणाऱ्यांचं गाळ्यात काम चालतं, त्यांच्याकडे हवा काढून पिशवी सील करायचं मशीन आहे. त्यांना विचारलं, म्हणाले, "ताई, आणा की, दोन मिनिटांचं काम." तर आता पद्धत अशी: तुकडा फर्नेसमधून १५० अंशावर असतानाच काढायचा, गरम काचेच्या बाटलीत टाकायचा, बाटलीत आधीपासून मॉलिक्युलर सीव्हचे दाणे, झाकण, ताबडतोब व्हॅक्युम पिशवी. मॉलिक्युलर सीव्ह म्हणजे कारखान्यात बनवलेला झिओलाइट, हवा आधीच कोरडी असली तरी उरलंसुरलं पाणी तो ओढून घेतो, तिथे सिलिका जेल हात टेकते. दाणे आदल्या रात्री ३०० अंशाला भाजून घ्यायचे.

झिओलाइटचं नाव निघालं म्हणून रविवारी ज्युनियरला घेऊन सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघून आले. आपल्या नाशिकच्या काळ्या बसाल्टच्या पोकळ्यांमधून निघालेले झिओलाइट आणि ॲपोफिलाइटचे स्फटिक, हिरवे, पीच रंगाचे, एकेक हाताएवढा. तो लहानपणापासून विहिरींच्या खोदकामात असले दगड बघत आलाय, त्यात पाणी धरून ठेवायची जागा असते हे त्याला नवीन होतं. मी पण त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते. इतके टोकदार कोपरे, कुणी न घडवता.

१८ सप्टेंबर

पुणे. या वेळी पिशवी चेंबरच्या शेजारी उभं राहून कापली, तुकडा आत जाईपर्यंत चार मिनिटं. फिल्म चढवायच्या आधी चेंबरमध्येच ऑक्सिजन देऊन ८०० अंशाला अर्धा तास ठेवला, वरवरचं बिघडलेलं त्याने बरंचसं सुधारतं.

पीएलडी चालताना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली. २४८ नॅनोमीटरचा क्रिप्टॉन फ्लोराइड लेझर, आपल्या डोळ्याला दिसतच नाही, टिकटिक ऐकू येते फक्त, आणि प्रत्येक टिकला एलएसएमओच्या काळ्या वडीतून निळसर पांढरी ज्योत उठून समोरच्या तापलेल्या तुकड्यापर्यंत जाते. ७५० अंश, ०.२ मिलिबार ऑक्सिजन, सेकंदाला दोन टिक. त्या प्रत्येक ज्योतीत अणूच्या एका थराचा जेमतेम काही हिस्सा असतो. तीस चाळीस मिनिटं कुणी फारसं बोललं नाही.

एक तुकडा मध्ये एसएओ न घालता थेट एसटीओवर पण केलाय, तुलनेसाठी. संध्याकाळी तिथेच एक्सआरडी: ३२.६ ला काही नाही. एलएसएमओ सरळ उभं आहे!

२६ सप्टेंबर

पहिला तुकडा पाण्यात. फिल्मवर पीएमएमएचा प्लास्टिकचा थर दिला आधार म्हणून, आणि डीआय वॉटरमध्ये, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यात सोडला. नळाचं पाणी चालत नाही, सुकल्यावर क्षारांचे डाग उमटतात.

तासाभराने कडेने रंग बदलायला लागला, चार तासांत फिल्म सुटली. सिलिकॉनवर उचलून घेतली, पीएमएमए ॲसिटोनने काढला आणि मायक्रोस्कोपखाली धरली तर सगळीकडे भेगा. कशाही नाहीत, एकमेकींना काटकोनात, फरशी बसवल्यासारखे चौकोन, एकेक २०-३० मायक्रॉनचा. सुंदर दिसतंय आणि काही उपयोगाचं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत वीज जायची तर रस्ताच नाही.

ज्युनियरने त्या पाण्यात पीएच पेपर बुडवला, स्ट्रॉन्शियम हायड्रॉक्साइडमुळे रंग बदलेल म्हणून. बदलला नाही. मग हिशेब केला, त्या अख्ख्या थराचं वजन तीन मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं, ५० मिलिलिटर पाण्यात ते कुठे कळणार. पण डोकं बरोबर चाललं होतं त्याचं.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी. गच्चीवर दूध आटत होतं आणि आई डावाने साय बाजूला करत होती. पातेलं आचेवरून उतरवलं की साय आकसते, कडेला चिकटलेली असेल तर फाटते, आणि आधी कडेने सोडवून घेतली तर नुसत्या सुरकुत्या पडतात, फाटत नाही. मी तिथेच फोनमध्ये आकडे काढायला बसले.

एसएओच्या मोठ्या पेटीची बाजू चारने भागली की ३.९६१ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). एलएसएमओची नैसर्गिक पेटी ३.८७६. म्हणजे वरच्याला सव्वादोन टक्के ताणून बसायचंय, जेवढं जमतं तेवढं ताणतं, उरलेलं दोषांमध्ये जातं, आणि खालचा थर कडेकडून विरघळत जाताना सुटलेला भाग आकसतो पण शेजारचा अजून धरून ठेवलेला असतो. त्या सीमेवर तडा. सीमा जशी आत सरकते तसे तडे आत सरकतात. चौकोन आले कारण क्रिस्टलच्या काही दिशांना फुटणं सोपं असतं.

उपाय मॅडमना सकाळी सांगितला तर त्यांनी आधीच पेपर काढून ठेवला होता: स्ट्रॉन्शियमच्या जागी थोडं कॅल्शियम. सगळं कॅल्शियम घातलं, म्हणजे सिमेंटवालंच संयुग, तर पेटी ३.८१६ ला येते. तीनात एक कॅल्शियम घातलं तर सरळ रेषेच्या हिशेबाने ३.९१ च्या आसपास, एसटीओच्या ३.९०५ ला जवळजवळ चिकटून. मग एलएसएमओला पाऊण टक्क्याच्या आसपासच ताण सोसायचा. किंमत अशी की कॅल्शियम वाढवलं की थर हळू विरघळतो. मला ते हवंच आहे. पाण्याचं भय पण कमी होईल वाटेत.

१५ ऑक्टोबर

कॅल्शियमवालं द्रावण झालं, चार तुकडे. पीक आता एसटीओच्या पीकला इतका खेटून की वेगळा ओळखताच येत नाही, फक्त उतारावर एक खांदा दिसतो. मॅडम म्हणाल्या, "पीक सापडत नाही म्हणून पहिल्यांदाच कुणीतरी इतकं खूश झालेलं बघतेय." हायग्रोमीटर ५२. एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवला, बघूया.

३० ऑक्टोबर

उघडा ठेवलेला तुकडा दिवाळीभर बाहेर होता, पंधरा दिवसांनी पण चमकतोय! ऑगस्टमध्ये चांगला डेसिकेटरमधला पण आठवडा टिकला नव्हता. यात कॅल्शियमचा वाटा किती आणि पाऊस थांबल्याचा किती हे मात्र वेगळं करता येणार नाही, दोन्ही एकदमच बदललंय.

बाकी तीन पुण्याला जाऊन आले, फिल्म चढली, एक्सआरडी स्वच्छ.

८ नोव्हेंबर

ही नोंद लांब होणार.

सकाळी साडेसहाला लॅब उघडली, थंडी आहे आता, हायग्रोमीटर ३८. आधी कडा. पीएलडीत फिल्म तुकड्याच्या उभ्या कडेवर पण थोडी उतरते आणि झाकणासारखी बसते, मग पाण्याला आत शिरायला फटच मिळत नाही. डायमंड स्क्राइबरने चारी कडा मायक्रोस्कोपखाली खरवडल्या, एकेक कड दहा मिनिटं. ३० नॅनोमीटरची फट, आणि पाण्याला कडेपासून मध्यापर्यंत जायचं अडीच मिलिमीटर. फट एक सेंटीमीटर उंच आहे असं धरलं तर पाण्याला आठशे मीटरच्या वर आत जायचंय, तेही वाट विरघळवत विरघळवत.

पीएमएमए दिला, त्यावर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची) चौकट, मधे खिडकी कापलेली, म्हणजे सुटल्यावर धरायला काहीतरी असेल. साडेनऊला पेट्री डिशमध्ये ठेवलं, पाणी पिपेटने काठाकाठाने.

दुपारपर्यंत काहीच नाही. चारला कडेला अर्ध्या मिलिमीटरची फिकट पट्टी, रंग काळपट तपकिरीवरून मधासारखा. पट्टी आत सरकतेय. रात्री नऊला मधे एक गोल डाग उरला होता, शर्टाच्या बटणाच्या भोकाएवढा. मॅडम घरून फोन करून विचारत होत्या, काका कुलूप लावायला आले आणि तेच खुर्ची ओढून बसले. मी डिशला हात लावला नाही, टेबल हलेल म्हणून आम्ही उठताना पण जपून उठत होतो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो डाग गेला. काही आवाज नाही, काही हालचाल नाही, क्रिस्टल तळाशी आणि चौकट जरा तरंगली. मग सिलिकॉनचा तुकडा चिमट्यात धरून पाण्याखालून तिरका वर आणला, डावाने साय उचलतात तसाच, आणि पापुद्रा त्यावर बसला. एका कोपऱ्यात सुरकुती आहे. बाकी पूर्ण.

काका म्हणाले, "एवढ्यासाठी एवढं?" आणि मग स्वतःच मायक्रोस्कोपमध्ये बराच वेळ बघत बसले.

९ नोव्हेंबर

६० अंशाला वाळवला, ॲसिटोनमध्ये पीएमएमए काढला, घाई न करता, तीनदा नवीन ॲसिटोन. मायक्रोस्कोप: मधल्या ३ बाय ३ मिलिमीटरमध्ये एक पण तडा नाही. सुरकुतीजवळ चार तडे, कडेला थोडे तुटके. एक्सआरडीत एलएसएमओचा पीक एसटीओवरच्या तुलनेच्या तुकड्यात ४७.२ ला होता, आता ४६.८ ला आलाय. बाजूने ताणलेली असते तेव्हा फिल्म उभ्यात चपटी होते, ताण सुटला तशी ती उभ्यात परत वाढली. म्हणजे खरंच मोकळी झालीय.

२२ नोव्हेंबर

रेझिस्टन्स. चार कोपऱ्यांना सिल्व्हर पेंट, चार तारा, हॉट प्लेटवर तापमान मोजायचा पीटी-१०० सेन्सर पापुद्र्याच्या अगदी शेजारी. ३० पासून ११० अंशापर्यंत, दोन दोन अंशांनी, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं थांबून. ज्युनियर आकडे वाचतोय, मी लिहितेय.

चुंबकपणा जातो त्या तापमानाला एलएसएमओचा रेझिस्टन्स चढता चढता मंदावतो. तुलनेच्या चिकटलेल्या तुकड्यात तो वाकडा बिंदू ६२ अंशाच्या आसपास आला, मोकळ्या पापुद्र्यात ७१. दोनदा वर, दोनदा खाली, तेच. ताण काढला की चुंबकपणा जास्त उष्णतेपर्यंत टिकतो, दिशा अपेक्षेप्रमाणे आहे. पण आमचं तापमान दोन अंश इकडेतिकडे असू शकतं आणि पापुद्रा एकच आहे, शिवाय दोन्ही तुकड्यांखालचा थर वेगळा, त्यातून थोडं कॅल्शियम वर शिरलं असेल तर त्याने पण बिंदू हलतो. अजून दोन तरी व्हायला हवेत मग हे नऊ अंश कुणाला सांगायचे.

६ डिसेंबर

दुसरा पापुद्रा, या वेळी २५ मायक्रॉनच्या कॅप्टॉन शीटवर. यासाठी पीडीएमएसचा मऊ रबरासारखा स्टॅम्प वापरला. त्याचं तंत्र हाताला कळायला दोन दिवस गेले: पटकन ओढला तर तो पापुद्रा उचलतो, अगदी सावकाश ओढला तर सोडतो. ७० अंशाला दाबून ठेवला आणि मग इतक्या हळू सोलला की एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला बारा मिनिटं.

२०१९ मध्ये चीनमधल्या नानजिंग विद्यापीठातल्या गटाने याच पाण्याच्या पद्धतीने एका युनिट सेलइतका पातळ पापुद्रा सुटा केला, आणि त्याच वर्षी बेरियम टायटनेटचा पापुद्रा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये १८० अंशात दुमडून परत सरळ झालेला दाखवला गेला, म्हणजे जो पदार्थ आपण चिनी मातीच्या कपासारखा ठिसूळ समजतो तो. तेव्हा आपला पण वाकवून बघायचाच.

१० मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या रॉडवर गुंडाळला. शीटची जाडी आणि रॉड धरून हिशेबाने पाव टक्का ताण. सपाट असताना शीट रेझिस्टन्स ४८० ओहम, रॉडवर ४८६, सोडला की ४८१. वीस वेळा केलं. नवीन तडा नाही.

५ मिलिमीटरच्या रॉडवर, अर्धा टक्का, सातव्या वेळेला ६१० झाला आणि तिथेच राहिला. मायक्रोस्कोपखाली एक तडा, वाकवायच्या दिशेला बरोबर आडवा, आणि तो सुरू झालाय सिल्व्हर पेंटच्या कडेपासून, जिथे माझ्या ब्रशचा केस टेकला होता. फोटो शेजारच्या पानावर चिकटवलाय, तड्याची सुरुवात लाल पेनने. पुढच्या वेळी संपर्क आधी कॅप्टॉनवर करून घ्यायचे आणि पापुद्रा त्यावर ठेवायचा.

८ नोव्हेंबरचा एसटीओ तुकडा डिशमधून काढून धुऊन ठेवला होता, तो आज १००० अंशाला दोन तास भाजला. एक्सआरडीत फक्त एसटीओच, पृष्ठभाग आरशासारखा. द्रावण ढवळायला लावलंय.